चिंध्यांनी भरलेलं तळघर

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून एक खड्डा होता. खड्डा म्हणजे खरं तर बेसमेंट. एका कापड व्यापाऱ्याने तिथे दुकानांची इमारत बांधायची म्हणून ते खणलं आणि भागीदारांचं फाटल्यावर तसंच टाकून दिलं. आमच्या भिंतीपासून हात लांब केला की त्याची कड लागायची. खोल इतका, की तळाशी उभ्या असलेल्या माणसाचं डोकं वरून नारळाएवढं दिसे. आमच्या बाजूला माती उभी कापलेली होती. ती ढासळू नये म्हणून तिच्यावर फळ्या ठोकून फळ्यांना तिरक्या लाकडी बल्ल्यांचे टेके दिलेले होते. काम थांबलं, मजूर निघून गेले, टेके तेवढे राहिले.

घर सुरतेत, उधन्याच्या बाजूला होतं. माझे यजमान आणि जेठ, म्हणजे थोरले दीर, दोघे भाऊ धुळ्याकडून लूमवर, यंत्रमागावर कामाला आले, आणि आयुष्यभराची कमाई त्यांनी या तीन मजल्यांत घातली. खाली पुढच्या बाजूला माझी खाणावळ, मागच्या खोलीत सासूबाई आणि माझं कोठार, मधल्या मजल्यावर आम्ही, वर जेठांचं कुटुंब. गावाकडे परत जाण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. हे घर गेलं असतं तर दुसरं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठाशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. तो आला की डोक्यावर पदर आणि तोंड बंद. काही सांगायचंच असलं तर सासूला सांगायचं, मग सासू त्याला सांगणार, तो शेजारीच बसलेला असला तरी. मला या प्रकाराचा त्रास होत नसे. कमी बोलावं लागे आणि कामं उरकत.

पावसाळ्यात खड्डा भरे आणि वर्षभर हिरवा राही. डास तर होतेच, पुढे उंदीर झाले. शहरात प्लेग येऊन गेला आणि त्यानंतर साचलेल्या पाण्याकडे कोणी पूर्वीसारखं दुर्लक्ष करेना. महापालिकेची माणसं गल्लोगल्ली फिरू लागली. खड्डा रिकामा करा, बुजवा, असं त्यांनी बजावलं. मालकाने पंप पाठवला आणि निरोप दिला की बुजवायचं तुम्हीच बघा, जागा काही वर्षं तुम्हांलाच वापरायला राहील.

जेठांनी ते अंगावर घेतलं. ते पलसाण्याच्या रस्त्यावरच्या एका डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. मिलमध्ये दोन गोष्टी रोज ढिगाने निघत, चिंध्या आणि बॉयलरची राख. दोन्ही कुठे टाकायची हा मिलवाल्यांच्या डोक्याला ताप. जेठ म्हणाले, टेम्पो आपल्याकडे वळवतो, महिन्याभरात जमीन सपाट.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून विचित्र वाटेल. सुरतेत राहणाऱ्या आम्हां लोकांना अजिबात वाटलं नाही. चिंधी ही आमच्याकडे प्रत्येक पोकळीची भर होती. गादीत चिंधी, उशीत चिंधी, दाराच्या फटीत चिंधी, पत्र्याच्या भोकात चिंधी, लूमखाली तेल टिपायला चिंधी. मग खड्ड्यात का नको? गल्लीतल्या कोणीही, अगदी कोणीही, हा प्रश्न विचारला नाही. उलट जेठांचं कौतुक झालं. शेजारच्या एका मावशींनी तर सांगितलं, "तुझा जेठ खासदार व्हायला पाहिजे होता."

पंपाने पाणी भराभर उपसलं. तळ दिसला, गाळ दिसला, आणि त्याच आठवड्यात मागच्या खोलीच्या भिंतीवर केसाएवढी चीर दिसली. प्लॅस्टर सुकलं असेल, असं ठरलं. मग होळी आली. टेम्पोला थेट आत माल ओतता यावा म्हणून टेके अडचणीचे होतेच, आणि आमच्या लोकांची होळी म्हणजे गल्लीच्या इज्जतीचा प्रश्न. पोरांनी बल्ल्या उपटल्या, मोठ्यांनी खांदा दिला. त्या वर्षी आमच्या गल्लीइतकी उंच होळी आसपास कुठे नव्हती. लोक लांबून बघायला आले.

भरायचं काम जेठांनी मन लावून केलं, हे मी आजही म्हणेन. चिंध्यांचा एक थर, राखेचा एक थर, पुन्हा चिंध्या, खापरावरचा मांडा घडी घालावा तसं. वर शेवटी मुरूम टाकून माणसं नाचवून दाबून घेतला. पोरं क्रिकेट खेळायला लागली. बायका पापड वाळत घालू लागल्या.

मागच्या खोलीचा एक कोपरा उन्हाळ्यातही गार असे. त्या भिंतीवर कधी ऊन येत नाही. दूध, ताक, भिजवलेलं पीठ मी तिथेच ठेवी. एप्रिल सरता सरता सकाळच्या चहाचं दूध नासलं. गवळ्याला बोलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा नासलं. गवळ्याला पुन्हा बोलणार, तेवढ्यात पातेलं उचलताना हाताची मागची बाजू भिंतीला लागली आणि मी हात झटकन काढून घेतला. भिंत गरम होती. ऊन खाल्लेल्या भिंतीसारखी कोमट नव्हती. चुलीवरून उतरवून घटकाभर झालेला तवा असतो, तशी.

दुपारी जेठ जेवायला बसले होते. सासूबाई समोर. मी दाराआड उभी राहून सासूबाईंना म्हटलं, "मागची भिंत तापली आहे. त्यांना सांगा, एकदा हात लावून बघा."

जेठ ताटातून मान न काढता आईला म्हणाले, "माय, तिले सांग, उन्हाया शे. उन्हायामा भिती तपतसच."

"तूच सांग ना," सासूबाई म्हणाल्या. "ती काय धुळ्याले उभी शे का?"

"उन्हाळ्याने भिंत तापायला तिकडे ऊन येत नाही, हेही सांगा," मी म्हटलं.

"येत नाही म्हणते," सासूबाईंनी पोचवलं.

"माले माहीत शे," जेठ म्हणाले आणि भात मागून घेतला.

सासूबाई मात्र त्या रात्री हसून म्हणाल्या, की कंबरेला शेक बसतो, बरं वाटतं. त्यांची खाट त्याच भिंतीला लागून होती.

मग वास आला. प्लॅस्टिकची बादली चुलीजवळ राहिल्यावर येतो तसा, पण अगदी हलका, कधी आहे आणि कधी नाही. सुरतेत असे वास हवेत असतातच. हजिऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला म्हणायचं आणि खिडकी लावायची. मी तेच म्हटलं आणि खिडकी लावली. वास आतच राहिला.

त्या दिवशी सकाळची पाळी सुटून लोक जेवायला यायच्या आधीची वेळ होती. माझ्या आणि मदतीच्या बाईच्या पोळ्या चालल्या होत्या. बाहेर कोणीतरी म्हणालं की जमिनीतून धूर येतोय. मी लाटणं हातात तसंच घेऊन मागे गेले. खरंच येत होता. सपाट, दाबलेल्या, पापड वाळवायच्या त्या जमिनीतून अगरबत्तीएवढी एक रेघ वर चढत होती. थोडं पलीकडे दुसरी. पोरं तिच्याभोवती गोल उभी राहून बघत होती. मी त्यांना घरी हाकललं.

जेठांची त्या दिवशी सुट्टी होती. बनियनवर, हातात पहार घेऊन ते आले, दोन बादल्या पाणी मागवलं आणि धुराच्या जागी जाऊन पहार मारली. पहार लोण्यात शिरावी तशी मुठीपर्यंत आत गेली. आत ती कशाततरी अडकली, आणि बराच वेळ हलवून त्यांनी ती ओढून काढली. टोक लाल होतं.

मी लोखंड लाल झालेलं पुष्कळदा पाहिलं आहे, लोहाराकडे. जमिनीतून लाल होऊन निघालेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. काही क्षण मला ते समजलंच नाही. डोळे बघत होते आणि डोकं काही सांगत नव्हतं. भोकातून हवा आत गेली तशी आतून घरघर ऐकू आली आणि धुराचा रंग काळा झाला. जेठ एक पाऊल मागे सरकले, तर त्यांच्या मागच्या पायाखालचा मुरूम पापडासारखा तुटला आणि पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

"हलू नका," मी ओरडले. "तुम्ही हलू नका. पाय ओढू नका. पुढे आडवे पडा."

लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी मी बोललेले ते पहिले शब्द. पदर कुठे होता देव जाणे. ते माझ्याकडे बघतच राहिले. आपण आगीत उभे आहोत याचा त्यांना जास्त धक्का बसला होता की मी बोलले याचा, हे मला आजही सांगता येणार नाही. पण ते आडवे पडले. मी आणि माझ्या पोळ्या लाटणाऱ्या बाईने खाणावळीचा लांब बाक उचलून आणला आणि त्यांच्यापर्यंत सरकवला. त्याच्यावर पोट टेकून, सरपटत ते कडेला आले. पायाची कातडी घोट्यापासून वर सोलली होती. वितळलेली चिंधी तिला चिकटली होती, फिक्या गुलाबी रंगाची, वर छापलेल्या फुलासकट. ते फूल मला स्पष्ट दिसलं. डॉक्टरांनी पुढे ते चिमट्याने काढलं.

मी वर आणि मागच्या खोलीत जाऊन सगळ्यांना बाहेर काढलं. घ्यायचं काही नाही, नुसते चला, असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मन्ही पेटी लेऊ दे." मी त्यांनाच उचललं. त्या हलक्या होत्या.

बंबवाले आले. त्यांच्या प्रमुखाने आधी विचारलं, खाली काय आहे. ऐकल्यावर त्याने दुसऱ्यांदा विचारलं. मग पाईप तसाच धरून ठेवायला सांगून त्याने महापालिकेच्या इंजिनिअरला बोलावणं पाठवलं. एवढं पाणी ओतलं तर ही भिंत माझ्या माणसांवर येईल, म्हणाला.

इंजिनिअर साहेब उतारवयाचे, बारीक, गुजराती. कडेकडेने चालून आले, भिंतीला हात लावला, वर बघितलं, खाली बघितलं. जेठ ओट्यावर पाय पसरून बसले होते, पायाला ओलं फडकं. दवाखान्यात न्यायला रिक्षा आली होती, पण ते उठेनात. साहेबांनी त्यांना विचारलं की हे कापड कोणाच्या सांगण्यावरून घातलं.

"साहेब, अख्ख्या सुरतेत गादीत हेच भरतात," जेठ म्हणाले.

"तमारे गादी बनाववी हती के जमीन?" साहेब म्हणाले.

जेठांनी पायावरचं फडकं सारखं केलं. तुम्हांला गादी करायची होती की जमीन, असं साहेब विचारत होते.

"आणि टेके? इथे टेके असणार."

शेवटी मीच सांगितलं, की होळीला गेले. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. रागावलेला माणूस मी ओळखते. तो राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं की आम्ही आजवर जिवंत कसे.

मग त्यांनी मागची खोली बघायची म्हटलं. एकटेच आत गेले, आणि दारातून मला बोलावलं. फरशीवर ते बुटाची टाच आपटत होते. दाराजवळ आवाज भरीव येत होता. खाटेकडे जाता जाता तो बदलला. रिकाम्या डब्यावर वाजवावं तसा. त्यांनी बंबवाल्याकडून हातोडा मागवून, भरीव जागेवर उभं राहून, आवाज बदलला तिथली एक लादी खालच्या कोब्यासकट फोडली. लादीखाली माती असायला हवी होती. तिथे काही नव्हतं. त्यांनी टॉर्च मारली. खाली अंधार, आणि अंधारातून गरम हवा तोंडावर आली. साहेबांनी पहार आत सोडून बघितली, ती कशालाच टेकली नाही. लाद्या, त्यांखालचा कोबा, माझी तांदळाची पोती, गव्हाची कोठी, खाट, हे सगळं नुसत्या स्वतःच्या जोरावर पोकळीवर टिकून होतं.

"अहीं कोण सूवे छे?" त्यांनी विचारलं.

"माझी सासू झोपते," मी म्हटलं.

त्यांनी टॉर्च बंद केली. आम्ही दोघं भिंतीला धरून, एकामागे एक, बाहेर आलो. बाहेर आल्यावर मी ओट्यावर बसले. मला वाटतं त्या दिवशी मी तेव्हाच पहिल्यांदा बसले.

पुढे त्यांनी समजावून सांगितलं ते साधंच होतं. पंपाने पाणी भराभर ओढलं, तेव्हा आमच्या घराखालचं पाणीही फळ्यांच्या फटींतून खड्ड्याकडे धावलं आणि जाताना माती घेऊन गेलं. टेके काढल्यावर फळ्या फुगल्या, आणखी माती सुटली. चिंधी मऊ, ती मातीला उलटं रेटू शकत नाही, नुसती दबते. आणि मिलची राख वरून गार दिसली तरी पोटात निखारा ठेवून असते. तो चिंधीला लागला. वर मुरूम, त्यामुळे भडका नाही, आतल्या आत धुमसणं. जितकं जळलं तितकी पोकळी, आणि पोकळीत आमच्या घराखालची आणखी माती. गादी, टेके, राख, होळी, यांतलं प्रत्येक आम्ही डोळ्यांदेखत आणि आनंदाने केलं होतं.

आम्ही सुरतेबाहेर कामरेजला यजमानांच्या मित्राच्या गोदामात राहायला गेलो. खाणावळ बंद. जेठ पाय गुंडाळून खाटेवर. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आईला सांगितलं, "तिले सांग, चहामा साखर कमी शे." म्हणजे आमचं बोलणं पुन्हा बंद झालं होतं. मी साखर घातली.

बुजवण्याचं काम दुसऱ्यांदा सुरू झालं ते साहेबांच्या देखरेखीखाली, आणि मालकाच्या खर्चाने. खर्चावरून भांडणं झाली. ती इथे नकोत. मी रोज बसने येऊन उभी राही, कारण यजमानांना पाळी आणि जेठांना पाय. आधी आमच्या भिंतीला बाहेरून लोखंडी टेके. मग लांबच्या बाजूने, थोडं थोडं पाणी मारून विझवत, जळकं काढायला सुरुवात, आणि आमच्या बाजूला तर एका वेळी खोलीएवढाही भाग उघडू दिला नाही. एक तुकडा रिकामा केला, वरपर्यंत भरला, मगच शेजारचा. मुरूम आणि रेती, वीतभर जाडीचे थर, वर पाणी शिंपडून छोट्या यंत्राने ठोकणं. मोठा रोलर आणू नका, भिंत हलेल, असं साहेबांनी बजावलं होतं. उरलेल्या फळ्यांना नवे टेके दिले होते. त्यांतला प्रत्येक टेका त्याच्या खालपर्यंत भर आल्यावरच निघायचा. एका मजुराने घाईने एक आधी काढला, तर साहेबांनी त्याला खड्ड्याबाहेर बसवून ठेवलं, दिवसभर. फरशीखालच्या पोकळीत भोकं पाडून रेती-सिमेंटचं पातळ मिश्रण ओतलं. ते ओतत राहिले, आणि ते जातच राहिलं. माझ्या अंदाजापेक्षा फार जास्त गेलं. तेवढी जागा आमच्या पायाखाली रिकामी होती, हे मला प्रत्येक घमेल्याला नव्याने कळत होतं.

भिंतीवरच्या चिरांवर साहेबांनी काचेच्या अरुंद पट्ट्या प्लॅस्टरने चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकेल. पावसाळा जाऊ द्या, म्हणाले. तो पावसाळा मी गोदामात, पत्र्यावर पाऊस ऐकत काढला. जोराची सर आली की आम्ही कोणी एकमेकांकडे बघत नसू. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "पडनं का ते?" मी सांगितलं की पडलं असतं तर कळलं असतं.

दिवाळीच्या आधी साहेब आले. टेम्पोवर सामान लादून आम्हीही आलो होतो, कारण गोदाम मित्राला परत हवं होतं. हो म्हणाले तर आत, नाही म्हणाले तर कुठे, ते ठरलेलं नव्हतं. साहेब प्रत्येक काचेपाशी थांबले. वरच्या मजल्याच्या, मधल्या, खालच्या. मागच्या खोलीत ते बराच वेळ होते. बाहेर येऊन हात झटकले आणि म्हणाले, काचा शाबूत आहेत, घर उभं राहील. मागच्या खोलीत पोती ठेवू नका, कोणी झोपू नका, दोन वर्षं तरी. बाकी रहा.

मला वाटलं होतं की आम्ही धावत आत जाऊ. कोणी हललं नाही. जेठ काठी टेकून गल्लीत उभे. यजमान भिंतीकडे बघत उभे. सासूबाई पेटीवर बसलेल्या, पेटीवरचा हात काढायला तयार नाहीत. आम्ही आमच्याच दारासमोर, पाहुण्यांसारखे, कोणी या म्हणेल याची वाट बघत होतो. हे घर पडणार नाही, असं शिकलेल्या माणसाने सांगितलं होतं, आणि आमच्यातल्या एकाचाही पाय उंबऱ्याकडे वळत नव्हता.

गाडीवाल्याला दुसऱ्या फेऱ्या होत्या. त्याने दोर सोडून हातात धरला होता.

"बेन, सामान उतारुं के पाछुं लई जाउं?"

मी गाडीवरून आधी शेगडी उचलली, कारण ती सगळ्यात वर होती.

"उतार," मी म्हटलं आणि ती घेऊन आत गेले.